पनवेलची कोरी कॉफी

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. गोव्याचे प्रवासी पळस्पे फाट्यावर वळतात, पुण्याचे घाटाकडे निघतात, आणि दोघांनाही पनवेल आठवतं ते स्टँडवरच्या वड्यामुळे किंवा तिथल्या मुतारीमुळे. मी मात्र पनवेललाच गेलो आणि मुक्काम करून आलो. परत आल्यावर कराडमध्ये लोकांनी विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हटलं, "कर्नाळ्याचा सुळका." ते खरं आहे. तो मी रोज सकाळी उजव्या कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, खिडकीतून पाहिला, एवढं सांगायचं राहिलं. ते आता सावकाश लिहितो.

आधी जाण्याचं कारण. माझी पत्नी सुमन त्या वर्षी श्रावणात गेली. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती घरी आली ती काही महिन्यांपुरतीच. मी कॉलेजात ग्रंथपाल. घरी आलो की पुस्तकं होती, पण स्वयंपाकघर बंद. म्हणून माझी मोठी बहीण, आक्का, आपलं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. आई लवकर गेल्यावर आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं होतं. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली तरी तिच्या आवाजातली छडी गेली नव्हती. मार्गशीर्षात एके दिवशी अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. सुमनला लागली होती तशीच.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ लहान आहे, लगेच काढून टाकू. पौषातल्या एका सोमवारची तारीख दिली. आक्का दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "सुमनला कापलं आणि सुमन गेली. मला कापून घ्यायचं नाही."

सुमन कापल्यामुळे गेली की उशिरा कळल्यामुळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचा धीर मला झाला नव्हता. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही, त्यावर बहिणीशी वाद कसा घालणार?

तेवढ्यात पुण्याच्या आतेबहिणीनं एक माहितीपत्रक पाठवलं. पनवेलजवळ 'शुद्धिकुंज' नावाचं केंद्र आहे, तिथे कॉफीच्या बस्तीनं शरीरातलं सगळं विष निघून जातं, गाठीसुद्धा विरघळतात. बस्ती म्हणजे एनिमा. मी ते पत्रक दोनदा वाचलं. 'कॉफी' हा शब्द छापण्यात चुकला असावा अशी माझी आशा होती. आक्काला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कॉफी हे औषधच. एकादशीला, पाहुणा प्रवासातून शिणून आला तर, नाहीतर तापातून उठलेल्या माणसाला, दूध-साखर घालून, वर जायफळ उगाळून. आक्का म्हणाली, "कॉफीनं कुणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलेलं नाही. आठवडाभर जाऊ. गुण नाही वाटला, तर तुझ्या सोमवारी मुंबईला येईन."

"आणि गुण वाटला तर?"

"तर नाही येणार."

एवढा करार करून आम्ही निघालो.

पनवेल स्टँड

पौषातही पनवेलची हवा आमच्या कराडसारखी बोचत नाही. खाडीचा ओलसर, खारा वास अंगाला चिकटतो. स्टँडबाहेर टांगे उभे होते. मी पत्ता वाचायला लागलो, तर टांगेवाल्यानं हात वर केला.

"कॉफीवाल्यांच्याकडं ना? बसा. मोठ्या नशिबाची माणसं तुम्ही."

"का हो?"

"का म्हणजे? दिवसातनं चार-चार वेळा कॉफी! पहाटं वास सुटतो तो थेट हायवेपर्यंत. आमाला घरी एक कप चहा मागितला तर बायको डोळे वटारते." मग जरा थांबून त्यानं आपुलकीनं विचारलं, "पिऊन पिऊन झोप लागते का पण माणसांना?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी टांग्याच्या चाकाकडे पाहिलं. पुढे कळलं की आसपासच्या सगळ्या गावांचा हाच समज होता. शहरातली बडी माणसं इथे पैसे मोजून कॉफी प्यायला येतात. उपचाराच्या खोलीत काम करणारा केशव आमच्या साताऱ्याकडचा, घट्ट तोंडाचा. त्यानं कधी कुणाला खुलासा केला नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर मीही केला नसता.

पळस्प्याच्या अलीकडे

रस्त्याच्या एका बाजूला ट्रकचे टायर आणि ढाबे, दुसऱ्या बाजूला कापलेल्या भाताची खाचरं, आणि मध्ये चुन्यानं रंगवलेली बैठी इमारत, हे शुद्धिकुंज. मागे प्रबळगडाची लांब भिंत, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. इतक्या सुंदर जागी माणसानं कविता करावी किंवा भात लावावा. इथे भिंतीवरच्या खुंट्यांना पांढरे एनॅमलचे डबे ओळीनं टांगले होते, प्रत्येकाला रबरी नळी, आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

केंद्र चालवणाऱ्या सबनीससाहेबांनी आमचं स्वागत केलं. ते डॉक्टर नव्हते. आयुष्यभर कारखान्यांचे बॉयलर तपासत हिंडले होते. पोटाच्या जुनाट दुखण्यातून ते या उपायानं बरे झाले असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या दिवसापासून जगातला प्रत्येक माणूस त्यांना गाळ साचलेला बॉयलर दिसत होता. लबाड माणूस नव्हता. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. स्वच्छ पांढरा लेंगा-सदरा, गळ्यात दोरीनं अडकवलेली शिट्टी.

"गाठ म्हणता ना?" आक्काचं ऐकून ते म्हणाले. "साचलेला गाळ आहे. धुऊन काढू." मग माझ्याकडे वळले. "तुमची काय तक्रार?"

"माझी काही नाही. मी सोबत आलोय."

"इथे सोबत ही भानगड नाही. बॉयलरच्या खोलीत बघे ठेवत नाहीत." त्यांनी माझा चेहरा निरखला. "अलीकडे कुणी गेलंय का घरातलं?"

"पत्नी."

"मग तुम्हालाच जास्त गरज आहे. दुःख यकृतात बसतं."

दुःख कुठे बसतं यावर मी गेल्या काही महिन्यांत थोडंफार वाचलं होतं. यकृताचा उल्लेख सापडला नव्हता. पण आक्का म्हणाली, "घे रे दत्ता, घे. कॉफीच आहे." आणि माझ्या नावाची चिठ्ठी एका डब्यावर चिकटली.

इथला नियम साधा होता. तोंडानं चहा नाही, कॉफी नाही, मीठ नाही, शिजवलेलं काही नाही. गाजराचा रस आणि दुधीचा रस. कॉफी फक्त दुसऱ्या वाटेनं. पहाटे भल्यामोठ्या पातेल्यात कोऱ्या कॉफीचा काढा उकळायचा आणि सगळ्या इमारतीत तो वास पसरायचा, सणाच्या घरात पसरतो तसा. माणसं खोल्यांमधून बाहेर येऊन नाक वर करून उभी राहायची.

"मास्तर, असा जुल्म मी उभ्या जिंदगीत नाय बघितला," शेजारच्या खाटेवरचे करीमशेठ मला म्हणाले. ते पनवेलचेच, लाकडाच्या वखारीचे मालक, मधुमेहाला कंटाळून आलेले. ग्रंथपाल म्हणजे मास्तरच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "कॉफी येते, समोरनं जाते, आणि तोंड बिचारं बघत राहतं."

पहिल्या दिवशी केशवनं मला उपचाराच्या खोलीत नेलं. पडदे लावलेल्या खाटांची रांग होती, पुरुषांची इकडे, बायकांची भिंतीपलीकडे. "उजव्या कुशीवर. गुडघे पोटाशी. कर्नाळ्याकडं बघा आणि बोलू नका," केशव म्हणाला. मी कर्नाळ्याकडे पाहिलं. पुढच्या गोष्टींचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की कॉफी कोमट होती आणि केशवचं वागणं अत्यंत सभ्य होतं. शिट्टी वाजली. बाहेरून साहेबांचा आवाज आला, "धरून ठेवा! दाब जाऊ देऊ नका!" पडद्यापलीकडून करीमशेठ म्हणाले, "मास्तर, कराडला सागाचा काय भाव चाललाय?" मी म्हटलं, मला कल्पना नाही. ते म्हणाले, "काहीतरी बोला हो, खुदा के वास्ते. गप राहिलं की सुटतं."

मग मी त्यांना पुस्तकं विषयवार कशी लावतात ते समजावून सांगितलं. दुसरी शिट्टी होईपर्यंत आम्ही इतिहासापर्यंत पोचलो होतो. माझं इतकं लक्ष देऊन कुणी आजवर ऐकलेलं नाही.

कुंपणापलीकडे

चार दिवसांनी आम्ही सगळेजण सुकलेल्या वेलीसारखे दिसायला लागलो. संध्याकाळी, ऊन उतरायच्या वेळेला, मागच्या कुंपणापलीकडच्या शेतात धूर दिसला आणि वास आला. करीमशेठ जागेवरून उठले. "पोपटी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भक्ती होती.

पोपटी आमच्या देशावर माहीत नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरतात, त्यावर शेंगा, अंडी, बटाटे, मीठ-ओवा, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. मडकं उघडलं की वास सुटतो तो रानाचा आणि ओव्याचा. ते शेत गोमाबायचं होतं. पन्नाशीची आगरी बाई, हातात चांदीचे जाड गोठ, आवाज टेकडीवरून टेकडीवर पोचणारा. कुंपणाला लागलेली आमची तोंडं तिनं पाहिली.

"काय ओ, जेवलाव का नाय?"

"रस प्यायलो," आक्का म्हणाली.

"रस?" गोमाबाय जवळ आली. "आमच्या शेताच्या बांधाला पाव्हणी उपाशी? गावात सांगायला तोंड राहील का आमाना?" आणि तारांमधून गरम शेंगांची पत्रावळ आत आली.

आम्ही खाल्लं. आक्कानं अंडी माझ्याकडे सरकवली, शेंगा स्वतःकडे ओढल्या, आणि सोलता सोलता दोघी बायका जन्माच्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. कोण कुठले, मुलं किती, या मास्तरांची मालकीण कधी गेली, तुमाना काय दुखतं. आमच्याकडे असे प्रश्न तिसऱ्या भेटीत विचारतात. इथे तारेच्या कुंपणातून पहिल्या पाच मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपचारानंतर सबनीससाहेब हर्षभरित झाले. "पाहिलंत? विष निघायला लागलंय! वायू सुटतोय तो यकृतातला!" तो वायू वालाच्या शेंगांचा होता हे आम्हाला ठाऊक होतं, पण एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला ते सांगवेना.

त्या दिवसापुरती गंमत इथेच संपली. त्याच दुपारी आक्का माझ्यापाशी येऊन बसली. "दत्ता, मला हलकं वाटतंय."

"पोटाला?"

"सगळंच. गाठसुद्धा बारीक झाल्यासारखी लागते हाताला." तिनं डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या हातात दिली, त्यावर दवाखान्याचा नंबर होता. "फाट्यावर फोन आहे. कळवून टाक, सोमवारी येत नाही म्हणून. उगाच दुसऱ्या कुणाची खाट अडवून ठेवायची नाही."

ती आनंदात होती. सुमन गेल्यापासून तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मी चपला घातल्या आणि फाट्यापर्यंत चालत गेलो. सगळ्या वाटेनं एकच वाक्य डोक्यात होतं: हिला म्हण की गाठ तशीच आहे. पण मला तरी कुठे माहीत होतं? मी वाचलेला माणूस. वाचलेल्या माणसाला स्वतःला माहीत नसलेलं ठामपणे सांगता येत नाही, हा त्याचा मोठा दोष.

एस.टी.डी.च्या खोक्यात बसलेला तरुण वर्तमानपत्रानं वारा घेत होता. "लाइन बंद आहे. कोकण रेल्वेवाल्यांनी खणताना केबल तोडली. उद्या या."

इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. खणणाऱ्या सगळ्या लोकांना मनातल्या मनात नमस्कार करून मी परत आलो. आक्का म्हणाली, "मग उद्या सकाळी परत जा. उपचार झाला की लगेच."

जायफळ

कॉफी उकळणारा आचारी त्याच संध्याकाळी भाच्याच्या लग्नाला म्हणून गावी गेला. साहेबांनी सकाळपुरती गोमाबायला बोलावलं. सांगितलं ते एवढंच: मोठं पातेलं, इतकी पूड, इतकं पाणी, उकळून गाळून केशवकडे द्यायचं.

"आनि दूध?"

"दूध नाही. कोरीच."

"साकर?"

"साखर नाही. सांगितलं तेवढं करा."

गोमाबाय काही बोलली नाही, असं साहेबांनी नंतर सांगितलं. तो त्यांना होकार वाटला, कारण गोमाबायची त्यांना ओळख नव्हती.

पहाटे वास आला तो वेगळा होता. मी रांगेत उभा होतो. तो वास कुठला ते मला लगेच कळलं नाही, फक्त लहानपणी ताप उतरल्यावरची सकाळ आठवली. पण तोवर केशवचा पडदा सरला होता आणि करीमशेठ आत होते. बायकांच्या रांगेत आक्कानं मान वर केली, दोनदा हुंगलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "यात जायफळ आहे." आणि रांग सोडून ती सरळ स्वयंपाकघराकडे निघून गेली.

मी कर्नाळ्याकडे तोंड करून झोपलो. केशव डब्यात पाहत पुटपुटला, "आज काढा फिक्का झालाय." बाहेर शिट्टी झाली. मग करीमशेठ म्हणाले, "मास्तर, आज जरा चिकट चिकट वाटतंय का?"

मी म्हटलं, "वाटतंय."

पुढच्या खाटेवरून कुणीतरी किंचाळलं, "मुंग्या!"

काळ्या मुंग्यांची एक व्यवस्थित, शिस्तीची रांग खिडकीच्या चौकटीतून आली होती. भिंतीवरून खाली, खाटेच्या पायावरून वर, नळीवरून डब्याकडे. दुसरी रांग करीमशेठकडे निघाली होती. केशवनं डब्यात बोट बुडवलं, चाखलं, आणि त्या घट्ट तोंडाच्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अहो, ही तर गोड आहे!"

"गोड?" करीमशेठ उठून बसले, त्या अवस्थेत जे करायचं नसतं ते. "मला शुगर आहे! तौबा, तौबा! बेटीच्या शादीत मी जिलबी चाखली नाय, आनि आज ही साखर मागच्या दारानं आत आली?"

त्यानंतर जे झालं ते पळापळ या एका शब्दात मावतं. संडास मोजके होते आणि माणसं पुष्कळ. साहेब शिट्टी वाजवत होते, पण आता कुणी काही धरून ठेवत नव्हतं.

मी कपडे सावरून स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा आक्का ओट्याजवळ पाटावर बसून बशीतून कॉफी पीत होती. डोळे मिटून. समोर गोमाबाय कमरेवर हात ठेवून समाधानानं पाहत होती.

"बस रे," आक्का म्हणाली. "बाईंनी घरून म्हशीचं दूध आणलंय."

तेवढ्यात सबनीससाहेब आत आले, मागोमाग पोट धरलेले करीमशेठ. "बाई! मी कोरी सांगितली होती!"

"सांगितली व्हती," गोमाबाय म्हणाली. "कोरी आमच्याकडं मयताच्या घरी देतात. घरची चूल पेटलेली नसते, शेजारनं येते ती, त्यात दूध घालायचं नसतं. ह्या मास्तरांची मालकीन औंदाच गेली. ती माउली आजारी. जित्या मानसांना मी सकाळच्या पारी कोरी पाजू? माझ्या हातानं? नाय जमायचं मना."

"पण ती पाजायची नव्हतीच!"

"मंग?"

साहेब खाली पाहायला लागले. केशव दारातूनच परत फिरला. शेवटी करीमशेठनीच, आधी 'माफ कर हां, भाभी' म्हणून, एका वाक्यात आणि हाताच्या एका खुणेनं सगळा कारभार समजावून सांगितला.

गोमाबाय त्यांच्याकडे पाहत राहिली. मग खुंटीवरच्या डब्यांकडे पाहिलं. मग नळ्यांकडे. "त्या नळ्या..." ती म्हणाली, "आमी बोलायचो, शेहरातली मानसं नळीनं पितात, दात पिवळे होऊ नये म्हनून." आणि मग तिचा आवाज चढला. "माझी काफी? म्हशीचं दूध घातलं, घरची साकर घातली, जायफळ किसला, तो... तो तिथनं? आरं, देवाला सोडा, म्हशीला तरी लाजा!"

पळीला हात गेलेला पाहून साहेब दोन पावलं मागे सरले. पण खरा घाव त्यांना पळीचा बसला नव्हता. ते कळवळून म्हणाले, "बाई, तुम्हाला कळत नाही, दुधानं आत थर धरतो! सगळी मेहनत वाया! बॉयलरमध्ये असलं काही गेलं तर आतल्या नळ्यांची काय अवस्था होते, मी पाहिलंय!"

आक्कानं बशी खाली ठेवली. शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला विचारावं तशा आवाजात ती म्हणाली, "साहेब, बॉयलरच्या पत्र्याला फुगा आला तर काय करता हो?"

"फुगा?" साहेबांचा चेहरा पालटला. कॉफी, दूध, मुंग्या, सगळं त्यांच्या नजरेआड झालं. "फुगा आला की त्याच मिनिटाला आग काढायची. बॉयलर बंद. तेवढा पत्रा कापून काढायचा आणि नवा बसवायचा. मालक हातापाया पडतो, म्हणतो एक पाळी होऊ द्या. मी आयुष्यात कधी होऊ दिली नाही."

"लहान असला तरी?"

"लहान असतानाच तर कापायचा."

"धुऊन नाही भागत?"

"धुऊन?" साहेब जवळजवळ ओरडले. "अहो, माणसं मरतील!"

ते बोलून गेले आणि थांबले. बाहेर हायवेवर एक ट्रक गिअर बदलत गेला. साहेबांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, सोडून दिली. गोमाबायनं पळी खाली ठेवली. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं एवढं कळलं होतं.

"तुमची मुंबईची तारीख कधीची म्हणालात?" साहेबांनी हळू विचारलं.

"सोमवारची."

"केशव," ते दाराकडे तोंड करून म्हणाले, "जेवणवेळेपर्यंत टांगा सांगून ठेव." मग आक्काकडे वळून, बरेचसे पूर्वीसारखे होत, म्हणाले, "बऱ्या झालात की मात्र एकदा या. आतली साफसफाई करून टाकू."

"येईन," आक्का म्हणाली. "पण कॉफी मी तोंडानं पिणार."

करीमशेठ म्हणाले, "बहेनजी, मी पन तुमच्याबरोबर टांग्यात. घरी जाऊन शुगर तपासतो."

निघताना गोमाबायनं आक्काच्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबल्या. फोनचं कुणीच बोललं नाही.

मुंबई

रविवारी आम्ही दवाखान्यात पोचलो. इथेही सगळं पांढरं आणि एनॅमलचं, पण शिट्टी नव्हती. संध्याकाळी एक केरळची नर्स ऑपरेशनच्या आधीची तयारी म्हणून डबा आणि नळी घेऊन आली. आक्कानं उठून बसत तिला विचारलं, "कशाचा आहे?"

"साबणाच्या पाण्याचा, अम्मा."

"नुसता साबण?" आक्का म्हणाली आणि उजव्या कुशीवर वळली. नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी बाहेर आलो.

सोमवारी मी त्याच मजल्यावरच्या बाकावर बसलो जिथे सुमनच्या वेळी बसलो होतो. हातात पुस्तक होतं. कुठलं ते आता आठवत नाही. पान उलटलं नव्हतं हे आठवतं.

डॉक्टर संध्याकाळी फेरीला आले. आक्का गुंगीतून पुरती बाहेर आली होती. कण्हत होती, पण डोळे स्वच्छ होते. गाठ पूर्ण निघाली, ते म्हणाले, आसपास काही पसरलेलं दिसत नाही. "वेळेत आलात. हीच गाठ वर्षभर अंगावर काढली असतीत, तर कापूनही फारसा उपयोग झाला नसता."

ते पुढच्या खाटेकडे गेले. आक्का छताकडे पाहत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "सुमनला कळलं होतं तेव्हा किती मोठी होती रे?"

मी हाताच्या मुठीनं दाखवलं. तिनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं.

"म्हणजे कापल्यानं नाही गेली ती."

"नाही," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होतो.

"मग हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं, आक्का."

तिनं सलाइन नसलेला हात माझ्याकडे केला. मी तो धरला. सुमन गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते त्या वेळी आलं, आणि बराच वेळ थांबेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तोंड पलीकडे केलं. आक्कानं मला रडू दिलं. मध्ये एकदाच हात सोडवून घेऊन नाक पुसायला आपल्या उशीखालचा रुमाल दिला.

"झालं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"झालं."

"मग जा, जेवून ये. आणि भात खा नीट बसून. नुसता चहा पिऊन येशील तर मला कळेल."

मी खाली उतरलो आणि समोरच्या खानावळीत जाऊन भात मागवला.